नाना रत्नागिरीला निघाले

रत्नागिरी,
१० नोव्हेंबर १९९१

सौ. लताक्का,

नमस्कार. दिवाळीचा डबा पोचला. शेवेचा भुगा झालाय, पण चमच्याने खातोय. आता मुद्द्यावर येतो. डब्यात आईची चिठ्ठी होती, अक्षर तुझं. म्हणजे तुला सगळं माहीत आहे आणि तू मजा बघत बसली आहेस. नाना म्हणे रत्नागिरीला यायचं म्हणतात, पोराची नोकरी एकदा डोळ्यांनी पाहायची म्हणतात.

अक्का, त्यांना थांबव. काहीही कर. पाय मोडला म्हण. तुझा, त्यांचा नाही.

मी इथं काय करतो ते घरात तुला एकटीलाच ठाऊक आहे. घरी मी दोन वर्षं 'समुद्राच्या पाण्याची तपासणी' असं लिहीत आलो. ते खोटं नाही, रोज सकाळी मी पाणी तपासतो. पण त्याआधी पाटावर बसून दोन किलो बांगडे चिरतो आणि आमच्या मत्स्यालयाच्या सव्वीस टाक्यांतल्या जिवांना भरवतो. केंड, वाम, पाकट, समुद्रघोडे, खेकडे आणि एक कासव. मी स्वतः एक तुकडा तोंडात घातलेला नाही, तुझ्या गळ्याची शपथ. पण हात दिवसातून चार वेळा लिंबाने धुवावे लागतात.

आणि येणार कोण? सावद्याच्या हॉटेलात काउंटरवर अंडी दिसली म्हणून अर्धा चहा टाकून उठलेले गृहस्थ. बी.एस्सी. झाल्यावर इकडे निघालो, तेव्हा स्टँडवर त्यांनी मला एकच सांगितलं होतं, "पोटासाठी काहीही कर, पण मासोळीले हात लावू नको." त्यांना कळलं तर ते मला हाताला धरून निंभोऱ्याला नेतील, केळीत उभा करतील आणि विषय संपवतील.

यातली खरी अडचण तुला अजून सांगितलेली नाही. माझी कायमची ऑर्डर आली आहे. पण पाच वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून द्यायचं, ३१ डिसेंबरच्या आत. नानांना न विचारता एवढी मोठी सही मी कशी करू? आणि विचारू तरी कसं?

नानांनाही मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात रत्नागिरीची जमेल तेवढी बदनामी केली आहे. देव मला क्षमा करो, फार सुंदर गाव आहे गं.

तुझा,
रूपचंद


निंभोरा,
१६ नोव्हेंबर १९९१

चि. रूपचंद,

पाय माझा मोडायचा? वा रे वा! वर्गात साठ पोरं आहेत माझ्या. तुला समुद्रावर धाडलं आणि मला गावातल्या गावात दोन गल्ल्या पलीकडे दिली, त्यामुळे घरातली प्रत्येक कटकट माझ्याच ओट्यावर येऊन बसते. आता तुझीही आली.

नाना थांबत नाहीत. तुझं बदनामीचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि पिशवी शोधायला लागले. तेवीस तारखेला निघायचं नक्की झालंय. मळ्यातली हिरवी वांगी निवडून ठेवली आहेत, आणि ती भाजायला पऱ्हाट्यांची मोळी सोबत घेणार आहेत. मी म्हटलं, नाना, तिकडं लाकडं मिळतात. तर म्हणाले, "कपाशीची मिळतात का?" मी मोळी बांधायला सुतळी शोधून दिली.

तुला गावात केवढा मान आहे ते ऐक. नाना सगळ्यांना सांगतात, माझा पोरगा समुद्राचं पाणी तपासतो. परवा पारावर उखर्डूबाबा म्हणाले, "त्यात तपासायचं काय? खारटच निघन!" नाना दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. हसू नको. तुझ्या खोटेपणापायी म्हाताऱ्यांची चाळीस वर्षांची मैत्री पणाला लागली आहे.

माझं ऐकशील तर ते गाडीतून उतरायच्या आधी सांगून टाक. मी तुझ्या वतीने एक अक्षर सांगणार नाही. मला इथंच राहायचंय.

लताक्का


निंभोरा,
१७ नोव्हेंबर १९९१

चि. रूपचंद यास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. घाट वळणाचा आहे, हवा दमट आहे, पाणी मचूळ आहे, खोली लहान आहे, डास फार आहेत असं तू लिहिलं. इतकं वाईट गाव असन तर तू तठी दोन वर्षं कसा काय राहू राह्यला, हे पाहाले येणं मले भागच आहे. चोवीसले कोल्हापूरहून येणाऱ्या एसटीवर येऊन थांब. हातात मोळी राहीन, ओळखू येईन.

तोताराम


रत्नागिरी,
२९ नोव्हेंबर १९९१

सौ. लताक्का,

नाना काल दुपारच्या गाडीने निघाले. मी अजून जिवंत आहे. सगळं लिहितो, मधेच उड्या मारून वाचू नकोस.

एसटी आली तेव्हा नानांचं कंडक्टरशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. तो म्हणत होता, सरपणाला गाडीत परवानगी नाही. नाना म्हणत होते, हे सरपण नाही, मसाला आहे. घाटभर हेच चाललं असावं, कारण सगळे प्रवासी हसत उतरले आणि दोघांनी मोळी खाली घ्यायला मदत केली.

तू सांगितलंस तसं मी स्टँडवरच बोलणार होतो. तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "प्रवास कसा झाला?" मग दोन दिवस मी त्यांना मत्स्यालयाच्या विरुद्ध दिशेला फिरवत राहिलो. थिबा राजवाडा दाखवला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून कैदेत ठेवलं होतं हे ऐकल्यावर ते बराच वेळ त्या लाल भिंतीकडं पाहत राहिले. म्हणाले, "घरापासून इतका लांब. त्याले करमत नसन रे." मग किल्ल्यावर भगवतीच्या देवळात गेलो. तिथून त्यांनी पहिल्यांदा एकदम सगळा समुद्र पाहिला. हात जोडले. मला वाटलं, आता काहीतरी देवाधर्माचं बोलतील. तर म्हणाले, "एवढं पाणी, अन् एका पिकाच्या कामाचं नाही!"

मिरकरवाड्याच्या मासळीबंदराच्या बाजूने वारा आला की मी त्यांना बोलण्यात गुंतवायचो. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त, "हापिस कधी दाखवतो?" मी म्हणायचो, उद्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमचा शिपाई मयेकर सायकल टाकून खोलीच्या दारात. "बोंडे, चल लवकर! टाक्यांत पाणीच येत नाय. मासे वरती आलेत, तोंडं उघडतायत!" नाना दात घासत होते. मी म्हटलं, नाना, तुम्ही थांबा, मी आलोच. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पाण्याचंच काम आहे ना? मग मीही येतो."

अक्का, मयेकराने 'मासे' म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. रस्ताभर ते मयेकराच्या सायकलमागे भराभर चालत राहिले.

आत गेलो तर माझा पाट तसाच होता, त्यावर कोणीतरी आणून ठेवलेले बांगडे, बाजूला माझी सुरी. मुठीला मी माझं नाव कोरलंय, दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून. नानांनी सुरीवरचं नाव वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. लहानपणी बैल चुकून विहिरीकडं सोडला होता, तेव्हा पाहिलं होतं तसं. मला रडू यायला लागलं, पण रडायला वेळ नव्हता, कारण सुर्वेसाहेब पंपघरातून ओरडत होते. हे आमचे मुख्य. माशांबद्दल सगळं जाणतात, पण मोटारीबद्दल आपल्या आईएवढंच. पंप चालू, आवाज नीट, आणि टाक्यांत करंगळीएवढी धार. मिस्त्री बहिणीच्या लग्नाला राजापूरकडं गेलेला, सोमवारपर्यंत येणार नाही. सव्वीस टाक्या. समुद्रघोडे तर खाली पडायला लागले होते.

नाना पंपाजवळ गेले, पाइपाला हात लावला, कान लावला. मग त्यांनी साहेबांना विचारलं, "याची वाळूची टाकी कठी आहे?"

साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. समुद्राचं पाणी आम्ही वाळूच्या मोठ्या टाकीतून गाळून घेतो हे बाहेरच्या माणसाला कसं माहीत? अगं, तीच टाकी आपल्या मळ्यात आहे! ठिबकची! फक्त आपली लहान आणि ही हत्तीएवढी. नानांनी झाकणाचे बोल्ट काढायला लावले. आत हात घातला आणि चिखलाची पापडी बाहेर काढली, भाकरीएवढी जाड. "पाहा. वर पापडी धरली, पाणी जाईन कुठून? हिले उलटं पाणी मारा. खालून वर. घाण बाहेर, वाळू आत." उलट्या पाण्याचा व्हॉल्व गंजून जॅम झाला होता. नानांनी धोतराचा काचा मारला, मयेकराला नळी धरायला लावली, मला पाइप सोडायला लावला. साहेबांना सांगितलं, "तुम्ही बटनाजवळ उभे राहा. मी म्हटलं की दाबा, मी म्हटलं की बंद करा. मधी डोकं चालवू नका." आमच्या सुर्वेसाहेबांना! पीएच.डी. आहेत ते! आणि ते "बरं बरं" म्हणत उभे राहिले.

अर्धा तास काळं पाणी गेलं, मग तांबूस, मग स्वच्छ. सगळं परत जोडलं. टाक्यांत धार सुरू झाली, बुडबुडे आले. एक एक मासा खाली जायला लागला. मी टाकीच्या काचेला कपाळ टेकवून उभा होतो. मागं वळून पाहिलं तर नाना माझ्या शेजारी उभे.

मला वाटलं, आता. पण ते म्हणाले, "हा फुगला तो कोण?" मी म्हटलं, केंड. घाबरला की फुगतो. "आपल्या उखर्डूसारखा," म्हणाले आणि पुढच्या टाकीकडं गेले.

अक्का, त्यांनी सगळ्या टाक्या पाहिल्या. सव्वीसच्या सव्वीस. प्रत्येकासमोर उभं राहून विचारलं, हा काय खातो, हा किती मोठा होतो, याची बायको कोणती. मी नळीने टाक्या साफ करत होतो तेव्हा माझ्या हातांकडंही पाहत होते. कासवाजवळ तर अर्धा तास गेला. साहेब म्हणाले, हे लहानपणी सगळं खातं, पण मोठं झालं की झाडपाल्यावर येतं. नाना एकदम खूश. "म्हणजे हे आपल्या पंगतीतलं!" लगेच मयेकराला पाठवून कोबी आणवली आणि स्वतः पानं टाकत बसले.

संध्याकाळी मत्स्यालयाच्या मागं, पुळणीवर, पऱ्हाट्या पेटवल्या. वांगी भाजली, मिरच्या-लसूण ठेचला, नानांच्या पिशवीतल्या लाकडी बडगीत वांगी कुटली. साहेबांनी तीनदा घेतलं. मयेकर म्हणाला, ह्याच्यात थोडी सुकट पडली असती तर! मी डोळे मिटले. नाना फक्त म्हणाले, "तुह्या घरी टाक."

एवढं सगळं गोड झालं. आणि काल स्टँडवर, गाडीत चढायच्या आधी, ते थांबले. म्हणाले, "दोन वर्षं तू मले खरं नाही सांगितलं." बस. मी ऑर्डरचं, सहीचं सगळं तिथंच भडाभडा सांगितलं, कंडक्टर घंटी मारत असताना. "घरी जाऊन कळवतो," म्हणाले आणि खिडकीकडं न बसता आतल्या बाजूला बसले.

अक्का, काय कळवतील गं?

रूपचंद


निंभोरा,
६ डिसेंबर १९९१

चि. रूपचंद,

काय कळवतील ते मलाही कळत नाही. नाना सुखरूप पोचले. आईला त्यांनी राजवाडा सांगितला, देवी सांगितली, समुद्राचं पाणी पिकाच्या कामाचं नाही हे सांगितलं. मासळीचा म सुद्धा नाही. आई म्हणते, "याहीले तठी काही बाधलं तं नाही?"

पण मला नीट दिसतंय. सोमवारी शाळेत आले आणि मला म्हणाले, प्राण्यांचं ते मोठं पुस्तक दे. कशाला? "पाहाचं हाये." दुसऱ्या दिवशी परत केलं तेव्हा कासवाच्या पानावर केळीच्या पानाची पट्टी खूण म्हणून होती. मग मळ्यात विहिरीवर बसलेले दिसले. आपला गडी चिंधा सांगत होता, नाना ठिबकच्या टाकीशी एकटेच काहीतरी बोलत होते.

आणि माझं काय झालं ते ऐक. त्यांनी मला सरळ विचारलं, "तुले माहीत व्हतं?" मी मान हलवली. खोटं कसं बोलू? त्या दिवसापासून माझ्या घरचा चहा बंद! रोज सकाळी मळ्यात जाताना ओट्यावर टेकायचे, आता समोरच्या बाजूने जातात. म्हशीसुद्धा गोंधळल्यात.

राग मासळीचा नाही रे. मला वाटतं, त्यांना हे लागलं की आपला पोरगा आपल्याला भितो. तू साहेबाला भी, परीक्षेला भी. त्यांना का भ्यायचं? त्यांना सरळ लिही. मला लिहू नको, त्यांना लिही.

लताक्का


रत्नागिरी,
११ डिसेंबर १९९१

ती. नानांना, साष्टांग नमस्कार.

नाना, मी चुकलो. तुम्हाला राग येईल म्हणून लपवलं असं मी स्वतःला सांगत होतो. खरं असं की तुम्ही 'परत ये' म्हणाल, याची भीती वाटत होती. कारण तुम्ही म्हणाला असता तर मी आलो असतो, आणि मला यायचं नव्हतं.

आता सरळ लिहितो. मला हे काम आवडतं. सकाळी मी पाण्यात हात घातला की पाकट येऊन बोटांखालून सरकते. समुद्रघोड्याच्या नराला पिल्लं झाली (हो, नरालाच होतात), तेव्हा मी दोन दिवस खोलीवर गेलो नव्हतो. केळीला पानाचा नवा पोगा फुटला की तुम्ही बांधावर उभे राहून पाहता ना, तसं मला होतं. मला तुमच्यासारखी केळी करता येणार नाहीत. मी प्रयत्न केला होता, तुम्ही पाहिलंच आहे.

ऑर्डरवर ३१ तारखेच्या आत सही करायची आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. हे रागाने नाही, मनापासून लिहितो. पण आता काही लपवणार नाही.

साहेबांनी वाळूच्या टाकीवर पाटी लावली आहे. दर शनिवारी उलटं पाणी मारणे. मयेकर त्याला 'नानांचा वार' म्हणतो.

आपला,
रूपचंद


निंभोरा,
१८ डिसेंबर १९९१

चि. रूपचंद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिलं खरं पत्र. मले तुझा राग आला व्हता, तो आता गेला. लताच्या ओट्यावर आज चहा पिला, तिले सांगू नको की मलेही करमत नव्हतं.

तुह्या मायले सगळं सांगितलं. मीच सांगितलं. ती म्हणे, पोरगा खातो का? म्हटलं, नाही, तो त्याहीले खाऊ घालतो. ती म्हणे, मंग यात लपवाचं काय व्हतं, तुम्ही दोघं बाप-लेक एकसारखे. मंग पारावर गेलो अन् उखर्डूच्या तोंडावर सांगितलं, माहा पोरगा मासोळ्या पाळतो. तो म्हणे, मासोळ्या? मी म्हटलं, व्हय. त्या गावात बठ्ठे लोक मासोळी मारतात अन् माहा एकटा पोरगा जगवतो. उखर्डूनं सरकून मले बसाले जागा केली. बांगडे चिरण्याचं मी सांगितलं नाही. तेवढं तुह्या माह्यात राहू दे.

आता खरं सांगाची माही पाळी. मी तुही नोकरी पाहाले आलो नव्हतो. मी तुले आणाले आलो व्हतो. गुडघे दुखतात, बाग मोठी झाली, चिंधावर किती दिवस टाकू? तुह्या मायले पण बोललो नव्हतो. वाटलं, एकट्यानंच जाऊ, दोन दिवस पाहू, अन् सोबत घेऊन येऊ. तू राजवाडा दाखवत व्हता तेव्हा तेच बोलाले तोंड उघडत व्हतो. तू पाण्यात हात घालून मासोळ्यांशी बोलू राह्यला ते पाह्यलं, अन् मंग माह्याच्यानं बोलणं झालं नाही. त्याचाच राग धरला व्हता, तू खोटं बोलला त्याचा थोडा अन् मले बोलता आलं नाही त्याचा जास्ती.

सही कर. पाच वर्षं म्हणतात तर पाच, दहा म्हणतात तर दहा. बाग मी अन् चिंधा पाहून घेऊ. गुडघ्याले जळगावच्या डॉक्टरचं तेल लागू पडलं आहे.

कोल्हापूर-भुसावळ रेल्वेची परतीची दोन तिकिटं मी निघतानाच काढून ठेवली व्हती, एक माहं अन् एक तुहं. तुहं परत करासाठी कोल्हापूरले खिडकीपर्यंत गेलो, पण वापस आलो. गाडीत बाजूची जागा रिकामी राह्यली. पुण्याले गर्दी झाली, टीसीनं विचारलं, बाबा, ही जागा कोणाची? म्हटलं, माह्या पोराची. तो नाही आला, त्याले तठी काम आहे.

तुझा,
नाना